नाताळची जत्रा : प्रवासाची पूर्वतयारी



वैशाखाच्या या उकाड्यात, अंगाला घामाच्या धारा लागलेल्या असताना, आम्ही बर्फाच्या आणि लोकरीच्या गोष्टी सांगायला उभे राहिलो आहोत, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु डिसेंबरातला परदेशप्रवास डिसेंबरात ठरवता येत नाही. मृगाच्या आधी शेतकऱ्याला बियाणे घरात आणून ठेवावे लागते, त्याप्रमाणे हिवाळ्याच्या प्रवासाची सारी बेगमी आतापासूनच करावी लागते. तेव्हा विषय ऋतूला सोडून आहे असे दिसले, तरी तो वेळेला धरून आहे.

दुसरी शंका याहून गंभीर आहे. ज्या व्यासपीठावरून इतिहास, अर्थकारण आणि संतवाङ्मय यांची चर्चा व्हावयाची, तेथे परदेशी सहलीच्या तयारीची चर्चा शोभते काय? आमचे उत्तर असे की, एके काळी विलायतेला जाणारा मनुष्य म्हणजे बॅरिस्टर व्हायला निघालेला श्रीमंताचा मुलगा तरी असे, नाहीतर एखादा संस्थानिक. आज तशी स्थिती नाही. आपल्याच गावातील मुले-मुली म्युनिक, स्टुटगार्ट, फ्रँकफुर्ट अशा शहरी नोकरी-शिक्षणानिमित्त राहात आहेत, आणि निवृत्त शिक्षक, बँकेतले कारकून, पोस्टातले अधिकारी आयुष्यभराच्या बचतीतून एकदा तरी तिकडे जाऊन यावे असा विचार करीत आहेत. हा खर्च त्यांच्या आयुष्यात बहुधा एकदाच होणार असतो. तो जाहिरातीच्या रंगीत पानावरून ठरवावा की चार गोष्टी समजून घेऊन ठरवावा, हा प्रश्न आम्हाला सार्वजनिक महत्त्वाचा वाटतो.

युरोपात हिवाळ्यात पाहण्याजोगे असे जे आहे, त्यात नाताळपूर्वीच्या बाजारांचे स्थान मोठे आहे. बाजार म्हणजे आपल्या अर्थाने जत्राच. गावच्या मुख्य चौकात, चर्चच्या किंवा नगरसभागृहाच्या समोर, लाकडी ठेल्यांच्या रांगा लागतात, दिवे लागतात, खेळणी, मेणबत्त्या, केक, भाजलेले खाद्यपदार्थ यांची विक्री होते, आणि सायंकाळी सारा गाव तेथे लोटतो. एकट्या जर्मनीत असे अडीच-तीन हजार बाजार भरत असावेत असा अंदाज केला जातो. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड, फ्रान्सचा अल्सेस प्रांत, चेक देश येथेही ते भरतात. पण मूळ पीठ जर्मन भाषेच्या मुलुखाचेच; म्हणून आजचे विवेचन आम्ही मुख्यतः जर्मनीतील न्युरेंबर्ग आणि ड्रेस्डेन या दोन शहरांपुरते मर्यादित ठेवणार आहोत.

आता पहिलीच गोष्ट अशी सांगतो की, तेवढी एक ध्यानात ठेवून आपण घरी गेलात तरी आजची संध्याकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू. हा नाताळचा बाजार नाताळात नसतो. तो नाताळच्या आधी असतो. आपल्याकडे मनुष्य पंचांग न पाहता म्हणतो, "नाताळची जत्रा ना? मग पंचवीस डिसेंबरला पोहोचू, मुलांना सुट्टीही असते." आणि पोहोचतो तेव्हा काय पाहतो? ठेले बंद, दुकाने बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही. चोवीस तारखेला दुपारी बहुतेक बाजार आटोपतात. पंचवीस आणि सव्वीस हे दोन्ही सुट्टीचे दिवस आणि लोक आपापल्या घरात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दाराशी येऊन "तुळशीबाग केव्हा उघडते?" असे विचारणाऱ्या पाहुण्यासारखी त्याची गत होते. काही मोठ्या शहरांतले थोडे बाजार वर्षअखेरपर्यंत चालतात हे खरे, पण ती उरलीसुरली जत्रा होय.

मग जत्रेचा काल कोणता? ख्रिस्ती धर्मात नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा एक काल मानतात. त्याला ॲडव्हेंट म्हणतात. ॲडव्हेंट म्हणजे आगमन. आपल्याकडे श्रावणी सोमवार मोजतात, तसे ते लोक हे रविवार मोजतात. घरात हिरव्या फांद्यांचे एक कडे करून त्यावर चार मेणबत्त्या बसवतात आणि दर रविवारी एक अधिक पेटवतात. चौथी पेटली की सण दाराशी आला. ही चार आठवड्यांची वाट पाहणे, हाच त्या जत्रेचा प्राण. हिशेब सोपा आहे. पंचवीस डिसेंबरच्या आधीचा रविवार हा चौथा. तेथून मागे मोजत जावे. २०२६ साली नाताळ शुक्रवारी येतो, म्हणजे चौथा रविवार २० डिसेंबरला आणि पहिला २९ नोव्हेंबरला. न्युरेंबर्गचा बाजार पहिल्या रविवारच्या आधीच्या शुक्रवारी सायंकाळी साडेपाचला उघडतो. आपल्या पंचांगाप्रमाणे पाहिले तर हा सुमारे मार्गशीर्षाचा काल. म्हणून आमचे पहिले सूत्र : तिकीट काढण्यापूर्वी रविवार मोजा.

या जत्रेचा उगम पाहिला तर मोठी गंमत आहे. आज जेथे खाण्यापिण्याची रेलचेल दिसते, तेथे मूळ होता उपवास. जुन्या काळी ॲडव्हेंट हा निग्रहाचा काल मानला जाई. मांस वर्ज्य, आणि लोणीसुद्धा वर्ज्य. उपवास सुटण्याच्या वेळी घरोघर मांस लागे. त्यासाठी राजाज्ञेने खास बाजार भरू लागला. सॅक्सनीतील बाउट्झेन या गावाला १३८४ साली, आणि ड्रेस्डेनला १४३४ साली असा बाजार भरवण्याचा हक्क मिळाला. ड्रेस्डेनचा बाजार प्रारंभी अवघ्या एका दिवसाचा होता, नाताळच्या आदल्या दिवसाचा. आज तो चार आठवड्यांचा झाला आहे. त्याचे नाव श्ट्रीत्सेलमार्क्ट. श्ट्रीत्सेल म्हणजे लांबट आकाराची गोड पाव-भाकरी. तिलाच आज श्टोलेन म्हणतात.

या श्टोलेनची कथा उपवास करणाऱ्या आमच्या माताभगिनींना विशेष रुचेल. लोणी वर्ज्य असल्यामुळे ही भाकरी तेलात करावी लागे आणि ती कोरडी, बेचव होई. सॅक्सनीच्या राजघराण्याने रोमला पोपकडे अर्ज केला की, आमच्या प्रांतात तेल चांगले मिळत नाही, तरी लोणी वापरण्याची परवानगी असावी. अर्ज बराच काळ पडून राहिला आणि अखेर १४९१ साली पोप आठवा इनोसंट याने परवानगीचे पत्र धाडले. इतिहासात ते 'लोण्याचे पत्र' म्हणून प्रसिद्ध आहे. उपवासाला साबुदाणा कोणी चालवला याचे पत्र आपल्याकडे सापडत नाही. तिकडे तेवढे दप्तर शाबूत आहे!

पुढे सोळाव्या शतकात धर्मसुधारणेची लाट आली. तोपर्यंत मुलांना भेटी मिळत त्या संत निकोलसच्या दिवशी, म्हणजे सहा डिसेंबरला. मार्टिन ल्यूथर आणि त्याच्या अनुयायांना संतांची पूजा मान्य नव्हती. भेटी बालख्रिस्ताने आणाव्यात आणि त्या नाताळात मिळाव्यात असा प्रघात त्यांनी पाडला. स्ट्रासबुर्गला निकोलसची जत्रा मोडून १५७० साली बालख्रिस्ताची जत्रा सुरू झाली ती याच कारणाने. म्हणजे मांसाच्या बाजाराला खेळण्यांचा बाजार जोडला गेला. न्युरेंबर्गच्या बाजाराचा सर्वांत जुना पुरावा १६२८ सालचा आहे, आणि तो कोणा राजाच्या सनदेत नसून एका लहानशा लाकडी पेटीवरील लेखात आहे. ती पेटी कोणीतरी त्या बाजारातून भेट म्हणून पाठवली होती. आज ती तेथील राष्ट्रीय संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. १७३७ पर्यंत गावातील जवळजवळ प्रत्येक हुन्नराचा कारागीर त्या जत्रेत आपला ठेला मांडू लागला होता.

आपल्या देशाचाही या जत्रेशी एक धागा आहे. न्युरेंबर्गची लेबकुखेन नावाची मसाल्याची गोड वडी प्रसिद्ध आहे. आसपासच्या अरण्यातला मध आणि दूरदेशीचे मसाले यांवर ती उभी राहिली. हे मसाले, मिरी आणि सुंठ, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून अरबांच्या आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांमार्फत आल्प्स ओलांडून न्युरेंबर्गला येत. पोर्तुगीजांनी समुद्रमार्ग शोधल्यावर, १५०५ साली आल्मेइदाचे जे आरमार हिंदुस्थानकडे निघाले, त्यात न्युरेंबर्गच्या हिर्शफोगेल आणि इमहोफ या व्यापारी घराण्यांनीही भांडवल घातले होते. त्याच आरमाराने पुढे कारवारजवळच्या अंजदीव बेटावर किल्ला बांधायला घेतला. तेव्हा मलबारच्या मिऱ्याने आपल्या आधी पाचशे वर्षे या जत्रेची वारी केली आहे.

परंतु जत्रा म्हणजे केवळ निर्मळ आनंद, अशी भाबडी समजूत घेऊन जाऊ नये. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्युरेंबर्गचा हा बाजार मुख्य चौकातून हलवून बाजूला काढला गेला. त्याला पुन्हा वाजतगाजत मुख्य चौकात आणले ते कोणी? १९३३ साली नाझींनी. जुन्या परंपरेचा जीर्णोद्धार आम्ही करतो असे दाखवून त्यांनी ही जत्रा आपल्या प्रचाराला जुंपली. ज्या शहरात त्यांचे प्रचंड मेळावे भरत आणि १९३५ साली जेथे ज्यूंचे नागरिकत्व हिरावणारे कायदे जाहीर झाले, तेच हे शहर. पुढे युद्धात जत्रा बंद पडली आणि जानेवारी १९४५ मध्ये बाँबहल्ल्यात जुने गाव जवळजवळ जमीनदोस्त झाले. १९४८ साली, भोवती पडकी घरे असताना, लोकांनी तो बाजार पुन्हा मांडला. आज उद्घाटनाच्या दिवशी चर्चच्या सज्जातून सोनेरी केसांची जी बालख्रिस्तरूपी मुलगी प्रास्ताविक म्हणते, ती १९६९ पासून गावच्याच मुलींतून दोन वर्षांसाठी निवडली जाते. परंपरा ही नुसती जुनी असून भागत नाही, ती कोणाच्या हाती आहे हेही पाहावे लागते. हा धडा त्या चौकात उभे राहून जितका उमगतो तितका पुस्तकातून उमगत नाही. म्हणून न्युरेंबर्गला जाणाऱ्याने एक सकाळ नाझी मेळाव्यांच्या मैदानासाठी आणि १९४५-४६ च्या खटल्याच्या न्यायालयासाठी राखून ठेवावी.

आता ड्रेस्डेनकडे वळू. तेथील जत्रेतील लाकडी सामान येते ते दक्षिणेच्या एर्झगेबिर्गे नावाच्या डोंगरातून. नावाचा अर्थच धातूंचा डोंगर. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे चांदी सापडली आणि खाणकामगारांची गावे उठली. डोंगराच्या चेक बाजूच्या योआखिम्सथाल गावी चांदीची नाणी पाडीत. त्यांना थालर म्हणत. अमेरिकेच्या डॉलरचे नाव त्यावरूनच पडले. कालांतराने खाणी आटल्या. माणसे उपाशी मरण्याची वेळ आली; तेव्हा झायफेन आणि आसपासच्या खेड्यांतील खाणकामगारांनी हाती कुंदा आणि पटाशी घेतली व लाकडाची खेळणी कातायला सुरुवात केली. आपल्या सावंतवाडीची लाकडी खेळणी ज्यांनी पाहिली आहेत त्यांना या कलेची कल्पना येईल. तेथे एक पद्धत अशी आहे की, ओल्या लाकडाचे मोठे कडे चरकावर कातायचे आणि मग केकसारखे त्याचे काप काढायचे. प्रत्येक कापात आतून घोडा, गाय किंवा मेंढी निघते! कातताना कारागिराला आतली आकृती दिसत नसते; तो हाताच्या अंदाजाने काम करतो. ही विद्या अवगत असलेले कारागीर आज फारच थोडे उरले आहेत.

त्याच गावी १८७० च्या सुमारास विल्हेल्म फ्युख्टनर नावाच्या कारागिराने दात विचकून अक्रोड फोडणारा लाकडी बाहुला घडवला. राजा, शिपाई, पोलीस यांची रूपे त्याला देतात. जे आयुष्यभर आपल्याला दरडावीत आले, त्यांना निदान वर्षातून एकदा आपल्यासाठी अक्रोड फोडायला लावायचे, असा त्यातला गरिबाचा विनोद. आणि खिडकीतल्या दिव्यांची कथा तर मनाला चटका लावणारी आहे. हिवाळ्यात खाणकामगार पहाटेच्या अंधारात खाली उतरे आणि रात्रीच्या अंधारात वर येई. सूर्याचे दर्शन त्याला रविवारखेरीज होत नसे. म्हणून घरच्या खिडकीत दिवे लावायचे. घरात जितके मुलगे तितके लाकडी खाणकामगार आणि जितक्या मुली तितक्या देवदूती, प्रत्येकाच्या हातात एकेक मेणबत्ती. डिसेंबरात त्या खोऱ्यातून संध्याकाळी गेले तर प्रत्येक खिडकी उजळलेली दिसते. जत्रेच्या ठेल्यावर ही मूर्ती विकत घेणाऱ्याला तिच्यामागचा हा अंधार ठाऊक असेल, तरच त्याने काही घेतले असे आम्ही म्हणू.

इतके झाल्यावर प्रत्यक्ष तयारीचा विचार करू.

प्रथम मार्ग. पुष्कळ प्रवासी-मंडळ्या दहा दिवसांत सहा देश दाखवतात. आमचा स्पष्ट सल्ला असा की, जत्रेसाठी जाणाऱ्याने दोन मुक्काम करावेत, फार तर तीन. मुंबईहून विमानाने म्युनिक किंवा फ्रँकफुर्ट गाठावे. म्युनिकहून न्युरेंबर्ग आगगाडीने सुमारे तासाभराचे. तेथे चार दिवस. बांबेर्ग हे जुने सुंदर गाव तेथून पाऊण तासावर आहे; सकाळी जाऊन रात्री परत येता येते. मग ड्रेस्डेनला चार दिवस आणि त्यातला एक झायफेनसाठी. आगगाडीच्या वेळांवर मात्र विसंबू नये. जर्मन आगगाडी घड्याळ लावण्याजोगी असते, ही आपल्या वडिलांच्या वेळची कीर्ती. २०२४ साली तेथील दूर पल्ल्याच्या गाड्यांपैकी शेकडा बासष्टांच्या आसपासच वेळेवर पोहोचल्या. गाडी बदलावयाची असेल तर मध्ये तासभर हाताशी असावा.

दुसरे, वार. शनिवार-रविवारी या चौकांत माणसाला माणूस चिकटलेला असतो. सोमवार ते गुरुवार, दुपारी तीनच्या सुमारास जावे. न्युरेंबर्गला डिसेंबरात सूर्य आठला उगवतो आणि सव्वाचारच्या सुमारास मावळतो. तेव्हा तीनला पोहोचलेल्या माणसाला उजेडात वस्तू नीट पारखता येतात, डोळ्यांदेखत दिवे लागताना दिसतात, आणि सहाची गर्दी येण्यापूर्वी बाहेर पडता येते. वृद्धांसाठी याहून चांगली वेळ नाही.

तिसरे, परवाना. जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्स, चेक आदी देशांसाठी शेंगेन नावाचा एकच व्हिसा चालतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पण त्या शेवटच्या पंधरा दिवसांवर ज्याने भिस्त ठेवली त्याचे तिकीट धोक्यात आले. ज्या देशात मुक्काम अधिक, त्याच देशाकडे अर्ज करायचा. जून २०२४ पासून प्रौढांना शुल्क नव्वद युरो आहे, आणि युरोचा भाव शंभर रुपयांच्या आसपास गेला आहे, हे हिशेबात धरावे. निदान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी जिवंत असावा आणि तो दहा वर्षांहून जुना नसावा. एवंच, आज घरी गेल्यावर पहिले काम कपाट उघडून पासपोर्टची तारीख पाहणे. जून-जुलैत तिकीट आणि मुक्काम. तोही रद्द करता येईल असा. ऑगस्ट-सप्टेंबरात अर्ज. दिवाळीच्या आधी कपडे.

चौथे, थंडी. महाबळेश्वरी नेलेला स्वेटर आणि माकडटोपी एवढ्याने तेथे भागत नाही. दिवसा उष्णतामान शून्य ते चार-पाच अंश असते. त्या शहरांत बर्फ पडेलच असे नाही. पुष्कळदा पडतो तो पाऊस, आणि ओली थंडी कोरड्या बर्फाहून वाईट. एकच जाड कोट घेण्यापेक्षा अंगालगत लोकरीचे पातळ कपडे, त्यावर उबदार कपडे आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारा अंगरखा, अशी तीन आवरणे असावीत. कारण दुकानांत आणि गाडीत उकडते. सर्वांत अधिक खर्च करायचा तो जोड्यांवर. चौकातल्या दगडी फरशीवर तास-दोन तास उभे राहायचे असते आणि थंडी चढते ती पायातून. जाड तळाचे, पाणी न शिरणारे, लोकरी मोजा मावेल इतके सैल जोडे येथेच घेऊन दोन महिने वापरून नरम करावेत. ज्यांना दमा, हृदयविकार किंवा गुडघ्यांची जुनी तक्रार आहे त्यांनी आधी वैद्याला विचारावे. आणि त्याने नको म्हटले तर जाऊ नये, वसंतात जावे. जत्रा मोठी खरी, पण जिवाहून मोठी नव्हे.

पाचवे, पोटपूजा. सामिष खाणाऱ्याला चिंता नाही. न्युरेंबर्गच्या करंगळीएवढ्या सॉसेजी तीन-तीन पावात घालून मिळतात. शाकाहारी माणसाला भाजलेले चेस्टनट, साखरेत परतलेले बदाम, किसलेल्या बटाट्याची सफरचंदाच्या मुरंब्याबरोबर मिळणारी थालिपिठे असे पदार्थ आहेत. मात्र त्या थालिपिठांत आणि लेबकुखेनमध्ये बहुधा अंडे असते, हे पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ग्ल्यूवाइन हे मसाले घालून गरम केलेले मद्य आहे. लहान मुलांसाठी आणि न पिणाऱ्यांसाठी फळांच्या रसाचे तसेच गरम पेय निराळे मिळते, त्याला किंडरपुन्श म्हणतात. पेय चिनी मातीच्या पेल्यात देतात आणि पेल्यापोटी तीन-चार युरो अनामत घेतात. पेला परत दिला की पैसे परत, ठेवला तर आठवण म्हणून घरी. घरून खाकरा, मेतकूट, भाजणी, चटणी जरूर न्यावी. परंतु दूध, तूप, खवा आणि मांस यांचे पदार्थ युरोपात खाजगी सामानातूनही नेण्यास बंदी आहे. लेकासाठी पेढे आणि कणीदार तूप न्यायची आईची इच्छा आम्ही जाणतो, पण ते विमानतळावर टोपलीत पडलेले पाहण्यापेक्षा न नेलेले बरे.

सहावे, सुरक्षितता. बर्लिनच्या बाजारात १९ डिसेंबर २०१६ रोजी एका अतिरेक्याने मालमोटार घुसवली आणि तेरा माणसांचा बळी घेतला. माग्डेबुर्गला २० डिसेंबर २०२४ रोजी मोटार घुसवून केलेल्या हल्ल्यात सहा जण मृत्यू पावले. तेव्हापासून चौकांभोवती मोठमोठे अडथळे आणि पोलीस दिसतात. भिऊन घरी बसावे असे आम्ही म्हणत नाही. हजारो बाजार दरसाल निर्विघ्न पार पडतात. पण गर्दीत सर्वांनी भेटण्याची एक जागा आधी ठरवावी, पासपोर्ट अंगालगत ठेवावा, आणि पोलिसांची सूचना निमूटपणे पाळावी.

सातवे, खरेदी. सर्वच ठेल्यांवरचा माल कारागिराच्या हातचा असतो असे नाही. दूरदेशीच्या कारखान्यात ठोकळ्याने निघालेल्या वस्तूही तेथे येतात. यावर उपाय साधा आहे : ही वस्तू कोणत्या गावी, कोणी केली, असे विचारावे. ज्याने केली किंवा ज्याला करणारा माहीत आहे, तो आनंदाने सांगतो. दुसरा नजर चुकवतो. दहा स्वस्त वस्तूंऐवजी एक खरी घ्यावी. त्या डोंगरातल्या घरी या मूर्ती वर्षभर पेटीत ठेवतात आणि ॲडव्हेंट आला की बाहेर काढतात, आपण गौरीचे मुखवटे काढतो तशा. एक मूर्ती तीन पिढ्या चालते. जत्रा कारागिराला जगवते ती अशा गिऱ्हाइकाच्या जोरावर.

न्युरेंबर्गची आणखी एक गोष्ट आमच्या नगरपालिकेच्या सन्माननीय सभासदांनी ऐकावी अशी आहे. तेथे सुमारे एकशे ऐंशी ठेले असतात. सर्वांवर तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचे कापड. कर्ण्यावरून ठणाणणारी गाणी, प्लॅस्टिकच्या माळा आणि पाळणे यांना नगरपालिकेची मनाई आहे. ठेला कोणाला द्यायचा हे मालाची प्रत पाहून ठरते. जत्रेला शिस्त लावली की तिचा जीव जातो, असे आपल्याकडे म्हणतात. तेथे पाहिले तर शिस्तीनेच तिचा जीव राखला आहे असे दिसते.

शेवटी एक प्रश्न उरतो. ज्याने आपल्या ग्रामदैवताची जत्रा वीस वर्षांत पाहिली नाही, त्याने चार हजार मैलांवरच्या परधर्मीयांच्या जत्रेला जावे काय? आम्ही म्हणतो, अवश्य जावे. धर्म निराळा, हवा निराळी. पण वाट पाहणे, उपवास सुटणे, दिवा लावणे, मुलाच्या हाती खेळणे देणे, या गोष्टी ओळखीच्याच निघतात. आणि दुसऱ्याची जत्रा नीट पाहिलेला मनुष्य परत आला की आपल्या जत्रेतल्या बुरुडाकडे, कासाराकडे, खेळणीवाल्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागतो.

मात्र ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील आहेत आणि ज्यांच्या मनात त्यांना नेण्याचे आहे, त्यांना आमची हात जोडून विनंती आहे की, "पुढच्या वर्षी पाहू" हे वाक्य जपून उच्चारावे. साथीमुळे २०२० साली जवळजवळ सारे बाजार बंद राहिले. २०२१ सालीही बव्हेरिया आणि सॅक्सनीत ते भरले नाहीत. सहाशे वर्षांची जत्रा दोन वर्षे थांबू शकते आणि पुन्हा भरू शकते. माणसाच्या गुडघ्यांना आणि श्वासाला तेवढी मुदत मिळेलच असे नाही. प्रकृती धड असेल, पैसा जमला असेल आणि वैद्याची संमती असेल, तर रविवार मोजावेत, पासपोर्ट पाहावा आणि यंदाच निघावे. जाणे खरोखर शक्य नसेल, तर त्याच आईवडिलांना घेऊन यंदा आपल्या गावच्या जत्रेला जावे. तेही त्याच तोलाचे पुण्य आहे.